गोष्ट संपतच नाही, मग ती चांगली कशी म्हणायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत वाढले. एका अंकात गोष्ट सुरू व्हायची आणि संपायची. आता चौदा वर्षांच्या लेकाने त्याचे स्पायडरमॅन आणि एक्स-मेनचे चार अंक माझ्या हातात दिले. चित्रं झकास आहेत, पण कोण कुणाशी का भांडतंय तेच कळेना. सुपरहिरो कॉमिक्समध्ये कथा म्हणून काही दर्जा असतो का, की नुसता धुडगूस? आणि असलाच तर तो ओळखायचा कसा?"

मी गेली बावीस वर्षं चित्रकथांचे लेआउट करतो. दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट पानावर कशी बसवायची, कुठल्या चौकटीत काय दाखवायचं, संवादाचा फुगा कुठे ठेवायचा, हे ठरवण्याचं काम. मधूनमधून शिकवतोही. पोटासाठी सुपरहिरोंची पानं फारशी केली नाहीत, पण काम शिकलो ते त्यांच्यावरच. तेव्हा उत्तर लांबणार.

वेताळापासूनच सुरुवात करू. ली फॉकने १९३६ साली वर्तमानपत्रासाठी सुरू केलेली ती रोजची पट्टी. इंद्रजालवाले १९६४पासून त्यातल्या कथा उचलून, पट्ट्या कापून-जोडून अंक करायचे. तुम्ही जी गोष्ट दुपारच्या एका बैठकीत संपवलीत, ती मूळ वाचकाने कित्येक आठवडे रोज तीन-चार चौकटी अशी चघळलेली असायची. आणि फॉकने एक मोठी अडचण पायातच मिटवून ठेवली होती. जंगलातल्या लोकांना वाटतं वेताळ अमर आहे. वाचकाला माहीत असतं की हा एकविसावा, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. त्यामुळे माणूस लग्न करू शकतो, म्हातारा होऊ शकतो, मरू शकतो. वेताळ तेवढा राहतो.

स्पायडरमॅनला ही सोय नाही. पीटर पार्कर १९६२ साली शाळेत होता. हिशेबाने आज तो ऐंशीला टेकलेला हवा. प्रत्यक्षात तिशीच्या आसपास घुटमळतोय. १९८७ साली त्याचं लग्न लावलं. २००७ साली मालकांना वाटलं, विवाहित नायक फार पोक्त दिसतो. मग पीटरने मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा केला, काकूचा जीव वाचला आणि लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. असल्या कारभारात 'पुढे काय होईल' या उत्सुकतेला फारसा अर्थ उरत नाही. जे होईल ते पुसताही येईल.

इथला लेखक भाडेकरू असतो. घर मार्व्हल किंवा डीसी या प्रकाशन कंपन्यांचं. रंग तुम्ही द्या, पडदे तुम्ही लावा, पण भिंत पाडायची नाही, आणि निघताना सगळं जागच्या जागी ठेवून जायचं. पुढचा भाडेकरू यायचा आहे. वाईट सुपरहिरो कॉमिक म्हणजे भिंत पाडल्याचा आव आणणारा भाडेकरू. चांगला लेखक भिंती तशाच ठेवतो आणि तरी त्या खोलीत कुणीतरी राहून गेल्याचा वास मागे ठेवतो.

मालक नेहमी खलनायकच असतो असं मात्र नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे एक्स-मेन या सुपरहिरोंच्या चमूतली जीन ग्रे. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी तिला फिनिक्स नावाची अफाट शक्ती दिली, मग क्लेअरमाँट आणि नवा चित्रकार जॉन बर्न यांच्या हाती ती शक्ती तिच्या डोक्यात गेली. एका अंकात भुकेच्या भरात ती एक सूर्य गिळते. त्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव जळून जातात. दोघांनी ठरवलेला शेवट असा, की तिची शक्ती काढून घेतली जाते आणि ती साधी बाई म्हणून जगते. पानं काढूनही झाली होती. मुख्य संपादक जिम शूटर आडवा आला. पाच अब्ज मारून ही सुखाने घरी जाणार? शिक्षा कुठे आहे? भांडणं झाली, शेवटची पानं नव्याने करावी लागली, आणि सप्टेंबर १९८०च्या १३७व्या अंकात जीनने चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत, स्वतःला संपवलं. आज ही कथा लोक ज्या आदराने आठवतात, तो आदर त्या बदललेल्या शेवटाला आहे. मूळ शेवट पुढे १९८४ साली वेगळा छापलाही. तो वाचून पाहा. बेतीव वाटतो, आणि संपादक बरोबर होता हे चरफडत कबूल करावं लागतं.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी भाडेकरूचं रडगाणं लावलंच नसतं. १९८६ साली कंपनीला पहिले पाच एक्स-मेन एकत्र आणून नवं मासिक काढायचं होतं. पाचवी जीन. मग समुद्राच्या तळाशी एका कोशात जीन सापडली; मेली ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली शक्ती होती. एका फटक्यात १३७व्या अंकातली सगळी हळहळ खोटी ठरली. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात स्कॉटने लग्न केलं होतं, तान्हं मूल होतं. जीन परतल्याचं कळताच आतापर्यंतचा हा सरळमार्गी माणूस बायको-पोराला टाकून निघाला. ते निस्तरायला लेखकांना काही वर्षं लागली. शेवटी ती बायको म्हणजे जीनचीच नक्कल होती असं काढलं. कोळिष्टक झाडायला गेले आणि छत खाली आलं, असा प्रकार.

लेकाने दिलेले अंक न कळण्याचं कारण इथेच आहे. प्रत्येक अंकाच्या पाठीवर असलं ओझं असतं. शिवाय २०००नंतर लिहिण्याची चाल बदलली. ऑगस्ट १९६२च्या अमेझिंग फँटसी १५मध्ये स्पायडरमॅनची जन्मकथा ११ पानांत आटोपते: कोळी चावला, ताकद आली, पोरगा शेफारला, चोराला जाऊ दिलं, त्याच चोराने काकाला मारलं. २००० साली अल्टिमेट स्पायडरमॅनमध्ये ब्रायन मायकल बेंडिसने तीच कथा अनेक अंकांत पसरून सांगितली. कारण धंद्याचं होतं. सहा-सात अंकांचं एक जाड पुस्तक बांधून दुकानात ठेवता येतं. पण बेंडिसच्या बाजूने एक सांगतो. १९६२च्या गोष्टीत बेन काका जेमतेम दिसतो, त्याच्या मरणाचं दुःख आपण शब्दावर विश्वास ठेवून मान्य करतो. बेंडिसचा काका जेवणाच्या टेबलावर बोलतो, रागावतो, विनोद करतो, आणि मग जातो. ती पानं कारणी लागली. त्याच्यामागून आलेल्यांनी मात्र आमटी तीच ठेवून पाणी तेवढं वाढवलं. २० पानांच्या अंकात सहा पानं दोन माणसं टेबलाशी बसून बोलतायत आणि कॅमेरा हलत नाही, असले अंक मी पैसे देऊन घेतलेत.

मग दर्जा शोधायचा कुठे? कीर्तनाला बसलेल्या आजीला हरिश्चंद्राचं पुढे काय होतं हे ठाऊक नसतं थोडंच. बुवा स्मशानाच्या प्रसंगाशी कसे येतात, कुठे आवाज खाली घेतात, कुठे झांज थांबते, यासाठी ती बसलेली असते. सुपरहिरो कॉमिक हे आख्यान आहे. बुवा निदान शेवटी आरती करतात, इथे आरतीच नाही, एवढा फरक. म्हणून दर्जा पाहायचा तो सांगण्यात. आणि चित्रकथेत सांगणं म्हणजे पान.

एक पान-समूह जवळून पाहू. अमेझिंग स्पायडरमॅनचा ३३वा अंक, फेब्रुवारी १९६६. चित्रं स्टीव्ह डिटकोची, शब्द स्टॅन लीचे. मे काकू रुग्णालयात मरणाच्या दारात आहे. कारण पूर्वी पीटरने तिला दिलेलं स्वतःचं रक्त, तेच तिच्या अंगात विष झालंय. औषध मिळालंय, पण ते समोर जमिनीवर पडलंय आणि पीटर डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात प्रचंड यंत्राखाली अडकलाय. वरून पाणी गळतंय. मारामारी नाही, खलनायक समोर नाही. एक पोरगा, एक वजन. डिटको यावर पहिली पाच पानं खर्च करतो. सुरुवातीला काळंभोर यंत्र चौकटीचा बहुतेक भाग व्यापून बसतं आणि आकृती तळाशी दबलेली. मग चौकटी जवळ जातात: चेहरा, हात, थरथरणारे खांदे. काका-काकूंचे चेहरे डोक्यावर तरंगतात. तो प्रयत्न करतो, कोसळतो. पुन्हा. आणि जसजसं वजन इंच इंच उचललं जातं तसतशी चौकट मोठी होत जाते. पाचव्या पानावर अख्ख्या पानाची एकच चौकट आणि त्यात तो सरळ उभा, यंत्र बाजूला फेकलेलं.

ताकद दाखवायला जागा वाढवणं, एवढीच युक्ती आहे. पण ती चालते, कारण आधीची चार पानं वाचकाला कोंडलेलं आहे. पहिल्याच पानावर हे पानभर चित्र देऊन हा क्षण मिळाला नसता. आजचे कित्येक चित्रकार दर तिसऱ्या पानाला पानभर चित्र ठोकतात आणि वर विचारतात, वाचक थरारत का नाही. रोज श्रीखंड वाढल्यावर पाडव्याला काय वाढणार?

आता याच पानांवर शब्दांवर अंगठा ठेवून बघा. माझी ही नेहमीची कसोटी. फुगे झाकले तरी सगळं कळतं. मग लीने इतकं का लिहिलं? पद्धतच तशी होती. आधी कथेबद्दल बोलणं व्हायचं, मग चित्रकार अंक काढायचा, मग संवाद घातले जायचे. याला मार्व्हल पद्धत म्हणतात. डिटकोला तोवर कथानकाचं श्रेयही अंकावर मिळू लागलं होतं. म्हणजे खरी गोष्ट पेन्सिलने लिहिली आणि शब्द नंतर वरून फोडणीसारखे आले. शिवाय धंद्यात जुना दंडक होता, की प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला अंक असतो. म्हणून पात्रं उडता उडता स्वतःची ताकद समजावून सांगतात. आज ते हास्यास्पद वाटतं खरं. पण सध्याच्या मुक्या, आधीचं काहीच न सांगणाऱ्या अंकांनी तुमची जी दशा केली ती पाहता, त्या बडबडीत वाचकाची काळजी होती असं आता मला वाटायला लागलंय.

उलटी कसोटीही लावा: चित्र झाकून नुसते शब्द वाचा. सगळं कळलं तर तो अंक म्हणजे सचित्र नभोनाट्य. चित्र आणि शब्द जिथे वेगवेगळं काहीतरी बोलतात तिथे माझे कान टवकारतात. अमेझिंग स्पायडरमॅनच्या जून १९७३च्या १२१व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते. पूल चित्रात ब्रुकलिनसारखा दिसतो, मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन म्हटलंय, ते सोडा. स्पायडरमॅन जाळं टाकून तिला पकडतो आणि वर ओढताना स्वतःची पाठ थोपटून घेत असतो. त्या चौकटीत तिच्या मानेपाशी एक छोटासा आवाज लिहिलाय, इंग्रजीत 'स्नॅप'. तिथे स्पष्टीकरण नाही. फुग्यातला माणूस जिंकलाय आणि अक्षरं सांगतात की तो हरलाय, कदाचित त्याच्याच झटक्याने. सुपरहिरोच्या मुळावरच घाव, आणि तो घातला चार अक्षरांनी.

अक्षरांचा विषय निघालाच म्हणून माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका प्रकाशकासाठी साहसकथेचं पान केलं. दोघांचं भांडण. पहिला बोलणारा मी उजवीकडे काढला, कारण तिथे खिडकीचा उजेड छान पडत होता. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे पहिला फुगा डावीकडे यायला हवा, आणि त्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावरून उजवीकडे न्यावी लागली. दुसऱ्या फुग्याची शेपटी उलट दिशेने. पानावर कात्री तयार झाली. लेटरिंग करणाऱ्या काकांनी पान परत पाठवलं, वर पेन्सिलने एकच ओळ: "हे दोघं कुणाच्या तोंडाने बोलतायत?" अख्खं पान पुन्हा काढलं. तेव्हापासून कुठलंही कॉमिक उघडलं की आधी पाहतो, पहिला बोलणारा डावीकडे आहे का. जिथे लेखक आणि चित्रकार एकमेकांशी बोलतच नाहीत तिथे ही चूक हमखास दिसते. आणि मोठ्या कंपन्यांत, महिन्याला दोन अंक काढायच्या घाईत, एकाच गोष्टीला मधेच दुसरा चित्रकार लागतो तेव्हा तर नायिकेचं नाकसुद्धा अंकागणिक बदलतं.

आणखी एक गंमत पान उलटण्याची. कागदी अंकात धक्का उजव्या पानावर ठेवला तर डावं पान वाचतानाच डोळा तिकडे जातो, गुपित फुटतं. तो उलटल्यावर दिसणाऱ्या डाव्या पानावर हवा. मोबाइलवर एकेक चौकट सरकवत वाचलं की हे सगळं मातीमोल होतं. लेक तसं वाचत असेल तर त्याला निदान एकदा पूर्ण पान दिसेल असं वाचायला लावा.

गल्लाभरू अंकात कारागिरी नसतेच, असंही समजू नका. नोव्हेंबर १९९२मध्ये डीसीने सुपरमॅनला मारलं. अंक काळ्या पिशवीत, आत दुखवट्याची दंडपट्टी, दुकानांसमोर रांगा. पुढच्याच वर्षी तो परतला. शुद्ध जाहिरातबाजी. पण शेवटचे चार अंक पानांच्या हिशेबाने पाहा: पहिल्यात दर पानाला चार चौकटी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, आणि मरणाच्या, सुपरमॅन ७५ या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच चौकट. घड्याळ मंद होत थांबावं तसं. दोन धिप्पाड जीव एकमेकांना ठोसे मारतायत यापलीकडे कथा नाही, पण ही मोजणी कुणीतरी विचार करून केलेली आहे. त्याच सुमारास १९९१च्या एक्स-मेन १च्या ८० लाखांवर प्रती खपल्या, पाच वेगवेगळी मुखपृष्ठं होती म्हणून. लोकांनी न वाचता प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवल्या, पुढे श्रीमंत होऊ म्हणून. डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

मोठं काम बहुतेकदा मुख्य वाड्याबाहेर, अंगणातल्या खोलीत होतं. ऑल-स्टार सुपरमॅन (२००५ ते २००८, ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली) नेहमीच्या मालिकेबाहेरचं, बारा अंकांत संपणारं. सुपरमॅनची जन्मकथा पहिल्या पानावर चार चौकटींत आणि आठ इंग्रजी शब्दांत उरकलीय. दहाव्या अंकात एक पान आहे. इमारतीच्या कडेवर एक मुलगी उभी आहे, उडी मारायच्या बेतात. मागून सुपरमॅन येतो. तो तिला झेलत नाही. खांद्यावर हात ठेवून सांगतो, की तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झालाय, आणि तुला वाटतं त्याहून तू कणखर आहेस. ती त्याला मिठी मारते. पान संपलं. तो स्वतः त्या वेळी मरणाकडे निघालाय हे वाचकाला ठाऊक आहे. उडणं, डोळ्यांतून किरण, काही नाही. माझ्या वर्गात हे पान फिरतं तेव्हा जरा वेळ कुणी बोलत नाही.

आपल्याकडचाही एक प्रयोग सांगतो, कारण तो तुमच्या प्रश्नाला उलट्या बाजूने भिडतो. २००४ साली स्पायडरमॅन इंडिया आला. पवित्र प्रभाकर, खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला, जीवन कांगच्या चित्रांत धोतर नेसलेला. कोळी चावत नाही, योगी शक्ती देतो. चित्रं देखणी. पण मूळ नायिका मेरी जेनची मीरा जैन, खलनायक नॉर्मन ऑस्बोर्नचा नलिन ओबेरॉय, काका तसेच मरतात, मुलगी तशीच पळवली जाते. वाड्याचा नकाशा तोच, पाटी तेवढी देवनागरी. खेड्यातून आलेल्या पोराला मुंबई कशी छळते, खोलीचं भाडं, लोकलची गर्दी, इंग्रजी न येण्याची लाज, याची गोष्ट तिथे समोर पडली होती. कुणी उचलली नाही.

आता लेकाशी बोलायचं कसं? त्याच्याकडून हॉकआय (२०१२ पासून, मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा) या मालिकेचा ११वा अंक मागा. नसेल तर दोघं मिळून मिळवा. अख्खा अंक नायकाच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसांच्या बोलण्यातले त्याला कळणारे मोजके शब्द तेवढे वाचता येतात, बाकीच्या फुग्यांत नुसते गिचमिड फराटे. प्रत्येक माणसाभोवती छोट्या छोट्या खुणांचं जाळं: कुणाला कॉफीचा वास, कुणाला दुसऱ्या कुत्र्याचा, कुणाला रक्ताचा. त्या वासांवरून तो एका खुनाचा माग काढतो. याला २०१४ साली सर्वोत्कृष्ट एकेरी अंकाचा आयस्नर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला. मागचे दहा अंक वाचलेले नसले तरी चालेल, कुत्र्यानेही वाचलेले नाहीत. मग डिटकोचा ३३वा, अंगठा ठेवून. मग जीन ग्रेचं मरण. १९८६चं पुनरागमन मात्र काही दिवस त्याच्यापासून लपवून ठेवा, जमलं तर. आणि तुमचे इंद्रजालचे अंक माळ्यावर असतील तर काढा. एकविसाव्या वेताळाचं कोडं त्यालाही घालून बघा.